कालवणापुरतं

डोणखेड्याच्या तलावावरून येणाऱ्या भोयाला कोणी विचारलं, "काय, आज किती सापडलं?" तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "कालवणापुरतं."

मग डोक्यावरच्या टोपल्यानं मान खांद्यात रुतलेली असो, मागून बायको दुसरी पाटी घेऊन धापा टाकत येत असो, नाहीतर एखादी मरळ टोपल्याच्या काठावरून शेपूट आपटत असो. उत्तर तेच. विचारणाराही हसून पुढे जातो. त्याला खरं उत्तर नकोच असतं.

झुंबरबाईला ही रीत तिच्या सासूनं शिकवली. सासूचं माहेर पूर्णेच्या काठी. तिचे वडील-भाऊ पावसाळ्यात गुळाच्या काहिलीत माणसं बसवून नदीपार करायचे. लग्नाच्या वऱ्हाडापासून ते आजाऱ्याच्या बाजेपर्यंत सगळं त्या काहिलीतून जायचं. त्या बाईनं नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पाण्याशी नेलं, ओंजळभर पाणी तिच्या हातावर घातलं आणि सांगितलं, "झुंबरे, पाण्याच्या कानावर आकडा घालायचा न्हाई. पाणी देतं तवा मोजून देत न्हाई. आपण मोजाया लागलो का त्येबी मोजाया लागतं."

झुंबरबाईला हा तलाव तसा परका नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांची असताना ती आईबापाबरोबर याच तलावाच्या कामावर आली होती. बांधाच्या पाळीवर माती टाकायची आणि दुपारी सुकडीसाठी रांगेत उभं राहायचं. सुकडीचा तो पिवळा, गोडसर घास तिला अजून आठवायचा. तेव्हा इथं पाण्याचा टिपूस नव्हता. भेगाळलेलं शेत होतं आणि शेतात बाभळी होत्या. पुढे याच गावात तिचं लग्न झालं, तेव्हा बाभळी पाण्याखाली गेलेल्या आणि वर बगळे बसलेले. आपण टाकलेल्या मातीनं एवढं पाणी अडवलंय, याचं तिला त्या वयात फार कौतुक वाटलं होतं. खरं तर अजूनही वाटायचं.

रीत मोडली की काय होतं, तेही तिनं पाहिलं होतं. तिच्या नवऱ्यानं, देवानंदनं, एकदा जाफराबादच्या नवलकिशोर शेठजींना भर तलावाच्या काठावर खरा आकडा सांगितला. शेठजींची कापसाची जिनिंग होती. जैन माणूस, माशाला हात लावायचा प्रश्न नव्हता, पण सवयीनं प्रत्येक धंद्याची चौकशी करायचे. देवानंदला चारचौघांत मिरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं नवंकोरं जाळं पाण्यातल्या बाभळीच्या खोडाला अडकलं आणि मधोमध फाटलं. सासूनं आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. देवानंद जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तेव्हापासून त्या घरात माशांचा आकडा कोणी तोंडातून काढला नव्हता.

आणि मग चैत्रात तो टँकर उलटला.

जालन्याच्या कुठल्याशा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीसाठी चाललेलं काळं तेल होतं ते. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर अरुंद पूल आहे. तिथं समोरून उसाची ट्रॉली आली, टँकरवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि कठड्यासकट खाली गेला. तो वाचला. तेल मात्र नाल्यानं धावत तलावात आलं. उन्हाळ्याचं पाणी आधीच आटलेलं, त्यावर साय धरावी तसा काळा थर धरला. दोन दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. तिसऱ्या दिवशी काठ पांढरा झाला होता. रोहू, कटला, वाम, सगळे पोट वर करून.

शेठजींनी त्या वेळी जिनिंगमधला डागी कापूस ट्रॅक्टर भरून पाठवला. कापूस तेल पितो हे त्यांना ठाऊक होतं. भोयांच्या बायका कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कापसाचे लोळे पाण्यावरून ओढायच्या, काळे झाले की पिळायच्या, परत ओढायच्या. झुंबरबाईच्या हातांचा वास महिनाभर गेला नाही. भाकरी थापताना तिला स्वतःच्याच हाताची किळस यायची.

थोड्याच दिवसांत टँकरच्या कंपनीकडून पाहणीला माणूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बरोबर गावचा तलाठी. नुकसानभरपाई द्यायची तर आधी लोकांचं उत्पन्न किती होतं ते कळायला हवं, म्हणून तो तलावाच्या काठावरच विचारायला बसला. वयानं मोठी म्हणून झुंबरबाईला पहिली खुर्ची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर खुर्चीवर बसलेली ती. पदर नीट केला, घसा साफ केला.

"आजी, तुम्हाला एका दिवसाला साधारण किती मासे सापडायचे?"

ती विचार करायला थांबलीच नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय तिच्या आधी बोलून मोकळी झाली.

"कालवणापुरतं, साहेब."

साहेबानं मान खाली घालून लिहिलं. मग पुढचा आला. त्यानं झुंबरबाईचं ऐकलेलं होतं, आणि पाणी दहा पावलांवर होतं. तोही म्हणाला, "कालवणापुरतं." त्याच्यानंतरचाही तेच म्हणाला. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन रामप्रसाद, जो ग्रामसभेत कोणाला बोलू देत नाही, तोसुद्धा इकडंतिकडं बघून पुटपुटला, "आता काय सांगावं साहेब... हेच आपलं... कालवणापुरतं." संध्याकाळच्या आत सगळी भोयवाडी नोंदवून झाली. साहेब चहा पिऊन खुशीत गेला.

ज्येष्ठात निकाल आला. या तलावावरची मासेमारी ही घरच्या खाण्यापुरती आहे, धंदा म्हणून नाही, असं त्यात धरलेलं होतं. भरपाई तेवढीच. एका घराला मिळणाऱ्या पैशांत एका जाळ्याचा खर्चसुद्धा निघत नव्हता.

तिचा मुलगा कल्याण ते ऐकून घरी आला तेव्हा झुंबरबाई ओट्यावर बसून फाटकं जाळं विणत होती. तेलात भिजलेलं ते जाळं कामाचं राहिलेलं नव्हतं. हाताला काम असावं म्हणून विणत होती.

"माय, तू त्या साहेबाला काय सांगितलं व्हतं?"

"जे सांगतेत तेच."

"अगं, त्यो काय वाटेनं चाललेला पाव्हणा व्हता का? त्यो लिहून घेऊन राह्यलता!"

"मंग मी काय करू? पाणी समोर व्हतं."

"पाणी!" कल्याणनं हात जोडले. "त्या पाण्यात आता काय ऱ्हायलंय ऐकाया?"

त्याची बायको शालू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आवाज कमी करा. आत्याबाईंनी एकटीनंच न्हाई सांगितलं. तुम्ही काय सांगितलं व्हतं?"

 कल्याणनंही तेच सांगितलं होतं.

पण एवढ्यावर प्रश्न सुटणार नव्हता. तलाव सोसायटीकडे ठेक्यानं होता आणि ठेक्याची अट अशी की दर साली भादवा संपायच्या आत त्यात माशांचं बीज सोडायचं. बीज विकत आणायला पैसे लागतात. बीज सोडलं नाही तर ठेका मोडणार, तलाव लिलावात जाणार, आणि बाहेरचा कोणी ठेकेदार आपली माणसं घेऊन येणार. मग या पोरांनी काठावर उभं राहून बघायचं. कल्याणनं बघत बसायचं नाही असं ठरवलं होतं. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर माणसं हवी होती. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी त्याचं बोलणं झालं होतं. शालूला घेऊन जायचं, तिथंच खोली करायची.

"आणि मी?" झुंबरबाईनं विचारलं.

"तूबी चल. तुला काय इथं सोडणार हाये का?"

तिनं जाळ्याची पुढची गाठ घातली. जालन्याच्या खोलीत नळाचं पाणी असेल, तेही आठवड्यातून एकदा, एवढंच तिच्या मनात आलं. ज्या पोराला तिनं चालायच्या आधी पोहायला शिकवलं, तो आता भट्टीपुढं उभा राहणार होता. आणि हे तिच्या एका शब्दानं झालं होतं.

रामप्रसाद चेअरमन मात्र स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. तो तीनदा जालन्याला गेला आणि मत्स्य खात्यातल्या वाहुळे साहेबांना गाठलं. संघपाल वाहुळे तरुण माणूस, भोकरदनकडचाच. त्यांनी कागद बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अहो चेअरमन, एवढ्या मोठ्या तलावावर एवढी घरं जगतात, आणि सगळेच म्हणतात भाजीपुरतं? कोण विश्वास ठेवणार?"

"साहेब, आमच्यात आकडा सांगत न्हाईत."

"काहून?"

"पाण्याला ऐकू जातं."

वाहुळे साहेबांना हसू आलं होतं, पण ते हसले नाहीत, असं रामप्रसादनं परत येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी खटपट करून फेरसुनावणी मिळवली. कंपनीचा माणूस पुन्हा येणार, वाहुळे साहेब स्वतः येणार. पण या वेळी प्रत्येकानं आकडा सांगायचा. ही शेवटची संधी.

झुंबरबाईनं मनाची तयारी केली. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी ती घरामागं शेळीपाशी गेली. तलाव तिथून दूर, मधे दोन वावरं आणि एक टेकाड. तिनं शेळीच्या कानात हळूच आपला आकडा सांगितला. शेळीनं कान हलवला. काही झालं नाही. मग तिनं थोड्या मोठ्यानं सांगितला. शेवटी तर ती चांगली खणखणीत बोलली. शालू दारातून बघत होती.

"आत्याबाई, शेळीला काय सांगून राह्यल्या?"

"काई न्हाई. तिला भरपाई पायजे म्हणते."

दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर सतरंजी अंथरली. रामप्रसादनं शाळेतून खुर्च्या आणवल्या. पावसानं तलावात पाणी आलं होतं आणि तेलाचा थर आता कुठं दिसत नव्हता, फक्त काठाच्या दगडांवर काळी रेघ राहिली होती. सगळी भोयवाडी जमली. एका बाजूला दैवशाला बसली होती.

दैवशाला झुंबरबाईची चुलतजाऊ. तिच्याहून चारपाच वर्षांनी लहान, पण जिभेनं थोरली. दोघी जाफराबादच्या बाजारात एकाच लिंबाखाली मासे विकायच्या, आणि लिंबाची सावली एकीपुरतीच. त्यावरून भांडण झालं ते इतकं वाढलं की सात-आठ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. म्हणजे अगदीच बंद नव्हतं. शेजारी बसून गिऱ्हाइकाला सांगायच्या. झुंबरबाई म्हणायची, "घ्या बाई, आमचे मासे आजचेच हायेत, काही लोकांसारखे कालचे न्हाईत." दैवशाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "आमच्याकडं चव हाये, तोंड न्हाई वाजवत आम्ही." गिऱ्हाइकांनाही त्याची मजा वाटायची.

सुनावणी सुरू झाली. पहिला नंबर रामप्रसादचा, चेअरमन म्हणून. तो उभा राहिला. छाती काढली. तलावाकडं पाठ करायचा प्रयत्न केला, पण पाळच अशी की पाणी एका अंगाला असतंच.

"हां, चेअरमन. दिवसाला किती?"

"सांगतो ना साहेब. बिलकुल सांगतो. म्हंजे बघा... आता रोज का सारखं असतं? कधी असं, कधी तसं..."

"सरासरी सांगा."

रामप्रसादच्या कपाळावर घाम आला. "लिहा साहेब... लिहा की... जाऊ द्या, दुसऱ्याला विचारा, मी मागून सांगतो."

सगळे हसले. कंपनीच्या माणसानं हळूच पेनाला टोपण लावलं.

"झुंबरबाई," वाहुळे साहेबांनी हाक मारली. "आजी, तुम्ही मागच्या वेळी पहिल्या होत्या. या वेळी तुम्हीच सगळ्यांना वाट दाखवा."

ती उठली. आकडा तोंडात तयार होता. शेळीला सांगितला तसा सांगायचा, एवढंच. कल्याण समोर हाताची घडी घालून उभा होता. खाली लाटा दगडांना लागत होत्या, चुळुक चुळुक, कोणी कान लावून बसावं तशा. तिला सासूच्या ओंजळीतलं ते पाणी आठवलं. एवढं झालं या तलावाला. माणसांच्या तेलानं त्याचं लेकरूनलेकरू मेलं. आता कुठं बिचारं जरा सावरतंय, आणि त्याच्या तोंडावर उभं राहून आपण हिशोब मांडायचा?

तिनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई व्हत."

कल्याण वळला आणि पाळीवरून खाली चालायला लागला. तो रागावून पळत नव्हता. ज्याचं ठरलंय त्या माणसासारखा सावकाश चालला होता, आणि तेच तिला सहन होईना.

"बसवा तिला," मागून एक आवाज आला. "तिच्याच्यानं व्हायचंच न्हाई ते. तिचं मी सांगते."

दैवशाला उठून उभी राहिली होती.

"आपला आकडा आपल्या तोंडानं सांगायचा न्हाई, ही रीत. दुसऱ्याचा सांगायला कोणाची बंदी हाये? लिहा हो साहेब. झुंबरबाई. बाजाराच्या दिवशी मोठी दोन टोपली. एक हातभर खोल, एक त्याच्याहून मोठं, तारेनं बांधलेलं. दुपारच्या आत दोन्ही रिकामी. अन् आठवड्यात दोनदा राजूरकडच्या ढाब्यावाल्याला मरळ. चतुर्थीला न्हाई, त्या दिवशी तिकडं कोणी खात न्हाई. श्रावणात निम्मं. असं किती वर्षं? मी बाजारात बसते तेव्हापासून तर मी बघतेच."

झुंबरबाई थक्क होऊन बघत होती. मग तिचा चेहरा लाल झाला.

"तू माझी टोपली मोजत व्हती व्हय गं, दैवशाले?"

सात-आठ वर्षांनी तिनं दैवशालाला थेट हाक मारली होती. ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"मोजत व्हते. काहून न्हाई मोजणार? शेजारी बसून दुसरं काम काय मला?"

"अन् ढाबेवाल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. माझ्याकडं आल्ता आधी. मी भाव जास्त सांगितला म्हणून तुझ्याकडं गेला."

"अस्सं! मंग साहेब, माझंबी लिहा," झुंबरबाईनं पदर खोचला. "ही दैवशाला. हिची टोपली दोन न्हाईत, तीन. तिसरं लिंबाच्या मागं झाकून ठेवती, म्हंजे गिऱ्हाइकाला वाटावं माल संपत आला. झिंगे ही वाळवून विकती, त्ये येगळं. गौरी-गणपती उठले का हिच्या वाळक्या झिंग्यासाठी पार देऊळगाव राजाचं गिऱ्हाईक येतं. अन् चवीला..." ती अडखळली. "चवीला बरे असतेत. खोटं कशाला बोलू."

पाळीवर एकदम गलका झाला. बांध फुटावा तसा. जो तो दुसऱ्याचं सांगायला उठला. रामप्रसादच्या चुलतभावानं रामप्रसादचं सांगितलं, आणि ते ऐकून सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या.

"चेअरमन, एवढं सापडतं व्हय तुम्हाला? अन् वर्गणीच्या टायमाला तर रडत व्हते!"

"अरे, त्याचं काय ऐकता, त्याची स्वतःची..." असं म्हणून रामप्रसादनं चुलतभावाचं सगळं सांगून टाकलं, अगदी टोपल्यांसकट. जाळी कोणाची किती, कोण पहाटे कोणत्या खोडाशी जाळं लावतो, कोणाची बायको गावोगाव फिरून विकते, कोण थर्माकोलचा तराफा दुसऱ्याला वापरायला देतो आणि त्याचा वाटा घेतो, सगळं बाहेर आलं. इतकी वर्षं एकमेकांवर ठेवलेली नजर त्या दिवशी कामाला आली. आणि पाणी? झुंबरबाईनं मधेच एकदा पाळीखाली बघितलं. पाणी आपलं दगडांशी खेळत होतं. कोणाच्या चहाड्या कोण सांगतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसावं.

कंपनीच्या माणसानं पेन हवेत धरलं. "सर, हे कसं चालेल? हे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत. एकमेकांना फायदा व्हावा म्हणून आकडे फुगवणारच."

वाहुळे साहेब लिहिता लिहिता थांबले. "तुमचं गाव कोणतं?"

"पुणे."

"तरीच. अहो, भावकीतला माणूस दुसऱ्याचं उत्पन्न कधी जास्त सांगेल का? एखादं टोपलं कमीच सांगितलं असेल यांनी." मग ते गंभीर झाले. "आणि तुम्हाला शंका असेल तर बाजाराच्या दिवशी जाफराबादला जाऊ. ढाबेवाल्याला विचारू, गिऱ्हाइकांना विचारू. मी येतो बरोबर."

ते खरोखरच गेले. ढाबेवाल्यानं सांगितलं. बाजारातल्या बायकांनी सांगितलं. नवलकिशोर शेठजींना कोणी विचारलंही नव्हतं, तरी तेही आले आणि म्हणाले, "देखो साहब, मैं तो खात नाही. पण बाजाराच्या दिवशी सकाळी या लिंबासमोरून गाडी काढायला मला जागा मिळत नव्हती. चैत्रापासून आरामात निघते. यातून काय ते समजा."

कल्याण त्या दिवशी पाळीवरून खाली उतरला, पण फार लांब गेला नव्हता. गलका ऐकून अर्ध्या वाटेत थांबला होता. संध्याकाळी घरी आल्यावर तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "माय, त्ये तारेनं बांधलेलं टोपलं... त्ये तू डोक्यावर घेऊन चालत जायची जाफराबादला?"

"मंग? सकाळी येश्टी कुठं असते? अन् असली तरी कंडक्टर मासे घेऊन चढू देत न्हाई."

"मला वाटायचं तू थोडंच नेती."

"तुला कसं कळंल? मी तुलाबी तेच सांगायचे."

कल्याणनं तिच्या मानेकडं बघितलं. ती मान एका बाजूला जरा वाकलेली होती. म्हातारपणामुळं असेल, असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

नवा निकाल श्रावणाच्या शेवटी लागला. सगळं मागितलेलं मिळालं नाही. तसं कधी मिळत नाही. कंपनीनं दोन हंगामांचं नुकसान मान्य केलं, जाळ्यांचे पैसे दिले, आणि बीजाचा खर्च वेगळा दिला. एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आधी नव्हती. दैवशालानं टोपली सांगितली होती, त्यामुळं टोपली वाहणाऱ्या बायकांची नावंही निकालात आली. सोसायटीत एकही बाई सभासद नव्हती. रामप्रसादनं ते वाचून दाखवलं तेव्हा पुरुषांत थोडी चुळबुळ झाली. दैवशाला म्हणाली, "आता काय? आमची नावं खोडाया पुन्यांदा सुनावणी लावता का?"  पुढच्या बैठकीत बायकांनाही सभासद करून घ्यायचं ठरलं, आणि पहिला अर्ज तिचाच होता.

मत्स्य खात्यानं पाण्याची तपासणी केली. पाणी चांगलं निघालं.

भादव्यात एका सकाळी बीजाची जीप आली. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या, आत पाणी आणि हवा, आणि नखाएवढे मासे, हजारोंनी, गव्हाच्या कोंड्यासारखे हलणारे. पिशव्या एकदम उघडायच्या नसतात. आधी त्या तशाच तलावावर तरंगत ठेवायच्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकसारखं गार झालं की मग तोंड सोडायचं. नाहीतर पिल्लांना धक्का बसतो. वाहुळे साहेबांच्या माणसानं हे समजावून सांगितलं आणि सगळे पाण्यात उतरले.

झुंबरबाई काठावर गुडघाभर पाण्यात उभी होती. शेजारी दैवशाला. दोघींच्या मधे एक पिशवी तरंगत होती आणि ती वाऱ्यानं दूर जाऊ नये म्हणून दोघींनी दोन कोपरे धरले होते.

"किती नाजूक गं ही," दैवशाला म्हणाली.

"पोरं नाजूकच असतेत. मोठी झाल्यावर ऐकत न्हाईत."

"तुझा चाललाय का मंग जालन्याला?"

 झुंबरबाईलाच माहीत नव्हतं. पैसे आले, बीज आलं, पण कल्याण काही बोलला नव्हता, आणि तिनं विचारलं नव्हतं. तिनं आयुष्यात एकदा नको ते बोलून पाहिलं होतं. आता ती दम धरून होती.

तेवढ्यात काठावर ठेवलेल्या कपड्यांमध्ये कल्याणचा मोबाइल वाजला. शालूनं उचलून बघितला.

"अहो, जालन्याच्या ठेकेदाराचा हाये. घेता का?"

कल्याण छातीएवढ्या पाण्यात होता. त्याच्या हातात पहिली पिशवी होती, तोंड सोडलेली, आणि त्यातून पिल्लं एकेक करून नाही, तर झुंडीनं बाहेर पडत होती. त्याला हलायची सोय नव्हती.

"हात ओले हायेत," तो ओरडला. "सांग त्यांना, दुसरा माणूस बघा म्हणावं. अन् त्ये झाल्यावर ती बाकीची पिशवी इकडं दे. जल्दी!"

शालूनं फोनवर काय सांगितलं ते झुंबरबाईला ऐकू आलं नाही. तिनं आपल्या हातातल्या पिशवीचा कोपरा सैल केला, दैवशालानं दुसरा. पिल्लं आधी पिशवीच्या तोंडाशीच घुटमळली, नव्या घराच्या उंबऱ्यावर थांबावं तशी. मग एकदम त्यांच्या पायांमधून, साड्यांच्या काठांना गुदगुल्या करत, खोल पाण्याकडं निघून गेली.